व्यंग पाहायचे की चित्र?



वस्तीवर एखादे बाळ हाताविना किंवा वाकड्या पावलांचे जन्माला आले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे कुणामुळे झाले? सासू म्हणते, सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली. शेजारीण म्हणते, देवीचा नवस फेडायचा राहिला असेल. आपल्या मंडळ्यांमध्ये ग्रहणाचे नाव कुणी घेत नाही. पण 'त्या घरात प्रार्थना कमी पडली' असे दबक्या आवाजात बोललेले मी ऐकले आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून त्यांना जाणून घ्यायचे होते, की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारल्या. त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. शेजारी त्या माणसाला एकाच रूपात ओळखत होते, ते म्हणजे भीक मागत बसणारा. तो उठून चालू लागल्यावर हा तोच की दुसरा कुणी, यावर त्यांचा वाद झाला. पुढे परुश्यांनी आईवडिलांना उलटसुलट विचारले, तेव्हा ते म्हणाले की तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. ते भीतीपोटी बोलले हे खरे. तरी दिव्यांगांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असेच ते बोलणे आहे.

वैद्यकशास्त्र सांगते ते साधे आहे. गर्भ चार ते आठ आठवड्यांचा असताना हातापायांचे कोंब फुटतात आणि आकार घेतात. पुष्कळ बायांना तोवर आपल्याला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्या दिवसांत कोंबाची वाढ अडली, तर हात किंवा पाय अपुरा राहतो. कधी कारण औषध असते. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात व इतरत्र गरोदर स्त्रियांना मळमळीवर थॅलिडोमाइड नावाची गोळी दिली गेली आणि त्यामुळे दहा हजारांहून अधिक बालके अपुऱ्या हातापायांची जन्मली. बऱ्याच वेळा मात्र कारण सापडतच नाही. विळी, ग्रहण किंवा नवस यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

'कुणामुळे' हा प्रश्न एकदा बाजूला ठेवला, की दुसरा समोर येतो. हे मूल पुढे काय करील? त्याचे उत्तर शोधताना मला एका चित्रकर्तीची गोष्ट फार उपयोगी पडली. ती इंग्लंडची, आणि तिला जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. पण तिच्यावर जे गुदरले, ते सातारा-सांगलीच्या माणसाला अनोळखी वाटणार नाही.

जत्रेतली राहुटी

सारा बिफिन २५ ऑक्टोबर १७८४ रोजी सॉमरसेट परगण्यातील ईस्ट क्वांटॉक्सहेड या खेड्यात साध्या कुटुंबात जन्मली. तिला हात नव्हते आणि पाय अगदीच अपुरे होते. मोठेपणीही तिची उंची ३७ इंच, म्हणजे तीन फुटांहून थोडी अधिक, एवढीच होती. लहानपणीच तोंड आणि खांदा यांच्या साहाय्याने ती सुईत दोरा ओवायला, शिवायला, कात्री चालवायला, लिहायला आणि पुढे चित्र काढायला शिकली.

नंतर इमॅन्युएल ड्यूक्स नावाच्या खेळवाल्याने तिच्याशी करार केला. तो तिला गावोगावच्या जत्रांत घेऊन फिरू लागला. लोक पैसे देऊन राहुटीत शिरत, ती शिवताना व रंगवताना बघत आणि तिची चित्रे विकत घेत. तिला वर्षाला पाच पौंड मिळत, अशी नोंद तिच्या चरित्रांत आढळते. बाकीची कमाई ड्यूक्सची.

पालीचा खंडोबा, मांढरदेव, खरसुंडी, जतची यल्लमा या आपल्याकडच्या मोठ्या जत्रा. जत्रेत तिकीट लावलेली राहुटी आणि कर्ण्यावरून ओरडणारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. खांद्यावर जास्तीचा पाय लोंबणारी गाय घेऊन दारोदार फिरणारे आपण ओळखतो. त्या गाईवर झूल असते, कपाळाला हळदकुंकू असते आणि पुढे थाळी असते. गाईच्या जागी माणसाचे मूल आले, तरी लोकांची नजर फारशी बदलत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माण तालुक्यातल्या एका पारधी पालावर माझे जाणे-येणे आहे. तिथे एक मुलगी आहे. तिचे दोन्ही हात कोपरापाशीच संपतात. तिचे नाव मी इथे देत नाही. ती तीन वर्षांची असताना एका ओळखीच्या माणसाने तिच्या आईला सल्ला दिला होता, 'हिला देवळाच्या पायरीवर बसवा, घरदार पोसेल.' तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्या मुलीकडे पाहून त्याला दुसरे काही सुचले नाही, इतकेच. आई गप्प राहिली. आजी मात्र म्हणाली, 'ती बसणार नाही, तिला फिरायला आवडतं.'

बघणाऱ्यांतला एकजण

१८०८ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू जत्रेत अर्ल ऑफ मॉर्टन नावाचा एक उमराव साराच्या राहुटीत आला. त्याने तिच्यासमोर बसून स्वतःचे चित्र काढून घेतले. दर बैठकीनंतर तो अपुरे चित्र बरोबर घेऊन जाई, कारण दुसरे कुणी गुपचूप हात लावत नाही ना, याची त्याला खात्री करायची होती. खात्री पटल्यावर त्याने तिच्यासाठी शिक्षक लावून दिला. विल्यम क्रेग या नामांकित चित्रकाराकडे तिचे रीतसर शिक्षण झाले.

राहुटीत येणारे बाकीचे लोक चांगल्या मनाचे नसतील असे नाही. कुणी हळहळले असेल, कुणी जास्तीचे नाणेही टाकले असेल. मॉर्टनने चित्र नीट तपासले आणि तिला शिकायची सोय करून दिली. तिच्या आयुष्याला वळण लागले ते तिथून.

१८२१ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने तिला पदक दिले. हस्तिदंताच्या पातळ तुकड्यावर जलरंगांत काढलेली छोटी व्यक्तिचित्रे, ही तिची खासियत. राजघराण्यातील माणसांची चित्रेही तिने काढली. डिकन्सच्या कादंबऱ्यांत तिचा उल्लेख येतो, इतकी ती त्या काळी सर्वांना ठाऊक होती.

तिने स्वतःचेही चित्र काढले. त्यात ती चांगल्या पोशाखात, चित्राची सामग्री जवळ ठेवून बसली आहे आणि कुंचला तिच्या बाहीला टाचलेला दिसतो. आपण कोण आहोत आणि काम कसे करतो, हे तिने काही न लपवता मांडले. २०१९ मध्ये लंडनमधील एका लिलावात तिचे एक आत्मचित्र १ लाख ३७ हजार ५०० पौंडांना विकले गेले.

तिचा शेवट मात्र सुखाचा झाला असे म्हणता येत नाही. १८२४ मध्ये तिने लग्न केले, पण ते टिकले नाही. १८२७ मध्ये मॉर्टन वारला आणि मोठा आधार गेला. उतारवयात ती लिव्हरपूलला राहायला गेली. तिथे तिच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा करून तिच्या उपजीविकेची तजवीज केली. २ ऑक्टोबर १८५० रोजी ती वारली. एका मोठ्या माणसाच्या मर्जीवर उभे असलेले आयुष्य तो माणूस गेल्यावर डळमळते, हेही तिच्या गोष्टीतून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपल्या अनेक चित्रांवर सही करताना ती 'हातांविना' असे शब्द जोडत असे. त्यात अभिमान असेल. गिऱ्हाइकाला तेच हवे असते, हेही ती जाणून असेल. व्यंग दाखवल्याशिवाय चित्र खपत नाही, ही अडचण आजही संपलेली नाही.

हाताशिवाय चित्र निघते कसे

तोंडाने चित्र काढणारा कुंचल्याचे टोक दातांत धरतो, पण रेघ ओढतात त्या मान, जबडा आणि खांदे. डोळे कागदाच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे पूर्ण चित्र पाहायला सारखे मागे सरावे लागते. मान आखडते, दातांवर ताण येतो. लांब दांड्याचा कुंचला, त्याच्या टोकाला गुंडाळलेले मऊ कापड आणि तिरपा ठेवलेला फळा, एवढ्याने पुष्कळ सोपे होते. साराचा कुंचला लांब असे आणि तो बाहीला अडकवून ती तोंडाने व खांद्याने चालवीत असे.

पायाने काढणारा कुंचला अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्यामध्ये धरतो. लहानपणापासून सवय असेल, तर ही बोटे आपल्या हाताच्या बोटांसारखी वेगवेगळी हलू लागतात. २०१९ मध्ये लंडनमधील संशोधकांनी जन्मतः हात नसलेल्या, पायाने चित्रे काढणाऱ्या दोघांच्या मेंदूची पाहणी प्रसिद्ध केली. तुमच्या-आमच्या मेंदूत हाताच्या प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते आणि पायाच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या असतात. या दोघांच्या मेंदूत मात्र पायाच्या बोटांनाही अशा वेगळ्या जागा दिसल्या. म्हणजे वापराने मेंदू घडतो. लहानपणी जितका वापर, तितके कसब अधिक.

आता आपल्या घरांत काय होते ते पाहा. पाटीला पाय लागला की आपण मुलाला लगेच पाया पडायला लावतो. पुस्तकाला पाय लागला तर डोळ्याला लावायला सांगतो. भाकरीच्या टोपलीला पाय लागणे तर फारच वाईट. ख्रिस्ती घरांतूनही हे गेलेले नाही, कारण वळण जुने आहे. मग हात नसलेले मूल पायाच्या बोटांत खडू धरते, तेव्हा पहिला फटका त्या पायावर बसतो. जी बोटे त्याचे हात व्हायची, तीच आपण आखडून टाकतो.

पालावरच्या त्या मुलीचे नशीब असे, की तिला कुणी अडवले नाही. ती पायाच्या बोटांनी बाजरीतले खडे वेचायची, शेरडाच्या गळ्यातली दोरी सोडायची. शाळेत गेल्यावर पहिल्या काही दिवसांत तिला पाटीपासून दूर बसवले गेले. पुढे एका शिक्षिकेने तिच्यासाठी जमिनीवर गोणपाट अंथरले आणि पाटी विटेला टेकवून उभी केली. यात एक रुपयाही खर्च झाला नाही. आता ती चौथीत आहे. तिने काढलेल्या बैलांची शिंगे पाहून पालावरचे म्हातारे हा बैल कुणाचा, ते ओळखतात.

मिरजेतले उदाहरण

जन्मापासून नसले तरी लहानपणी आलेले अपंगत्व आणि त्यातून घडलेला कलावंत पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. घराण्याचे नाव आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसवरून आलेले. वडील कीर्तनकार. लहानपणी उत्सवात फटाक्याच्या स्फोटाने विष्णूचे डोळे अधू झाले आणि शाळेची वाट बंद झाली. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. ते वर्षानुवर्षे चालले. वॉन्लेस साहेबांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा त्याच गावात हा अधू डोळ्यांचा तरुण गुरूपुढे बसून शिकत होता.

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. राजाश्रयावर विसंबून न राहता त्यांनी लोकांसमोर तिकीट लावून जलसे केले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ते लोकांच्या पैशावर चालवले. स्वतःची स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच त्यांचे निधन झाले. अधू डोळ्यांचा मुलगा म्हणून आज त्यांना कुणी ओळखत नाही. लोक त्यांचे गाणे आणि त्यांची विद्यालये ओळखतात.

तिकीट साराच्या राहुटीलाही होते आणि पलुस्करांच्या जलशालाही होते. एकीकडे लोक शरीर पाहायला जात आणि पैसा खेळवाल्याकडे जाई. दुसरीकडे लोक गाणे ऐकायला जात आणि पैशाचे काय करायचे हे गाणारा ठरवी.

दान आणि दाम

एरिख स्टेगमन या जर्मन चित्रकाराला हे चांगले उमगले होते. तीन वर्षांचा असताना पोलिओने त्याचे हात निकामी झाले. तो तोंडाने चित्रे काढी. १९५६-५७ च्या सुमारास त्याने आपल्यासारख्या युरोपातील चित्रकारांना एकत्र आणून संघटना उभी केली. जन्मतः, आजाराने किंवा अपघाताने हात गमावलेले आणि तोंडाने अथवा पायाने रंगवणारे चित्रकारच तिचे सभासद होतात. त्यांच्या चित्रांची शुभेच्छापत्रे व दिनदर्शिका छापून विकल्या जातात. नवशिक्याला शिकण्यासाठी विद्यावेतन मिळते. चित्राचा दर्जा सिद्ध झाला की सभासदत्व मिळते आणि पुढे हात-तोंड थकून चित्र काढणे थांबले तरी सभासदाचे उत्पन्न थांबत नाही. आज जगभरातले शेकडो चित्रकार या संघटनेत आहेत आणि भारतातले तिचे काम मुंबईतून चालते.

साराच्या म्हातारपणी जे वर्गणीवर सोपवावे लागले, ते इथे हक्काने मिळते. मॉर्टनसारखा एखादा मोठा माणूस भेटेल की नाही, यावर ते अवलंबून नाही.

आपल्या मंडळ्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, जन्म झाल्याबरोबर तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. पण हंगामात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब नेमके त्या दिवशी गावात नसते. अशा घरांची यादी आपल्याकडे असली पाहिजे. वाकडी पावले पहिल्या आठवड्यांतच प्लास्टर लावायला सुरुवात केली तर बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. प्लास्टर दर आठवड्याला बदलावे लागते, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्यांना सोबत लागते. त्यानंतर काही वर्षे रात्री पट्टीचे बूट घालावे लागतात. पुष्कळ पालक ते मध्येच सोडतात आणि पाऊल पुन्हा वळते.

दुसरी, कागदपत्रे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर आरक्षण व योजनांचा लाभ मिळतो. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ आणि लागल्यास लेखनिक मिळण्याची तरतूद आहे. पायाने लिहिणाऱ्या मुलाने स्वतःच लिहायचे म्हटले, तर त्याला तसे लिहू द्यावे. शाळेला हे माहीत नसेल, तर आपण जाऊन शांतपणे सांगावे.

तिसरी, पाय मोकळे सोडणे. आई-आजीला हे समजावणे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड काम आहे. तिथे पाळकांचा शब्द चालतो. त्यांनी एकदा उपासनेनंतर त्या मुलाने पायाने लिहिलेली पाटी हातात घेऊन वाचली, तर माझ्या दहा भेटींचे काम एका दिवसात होईल.

चौथी, खरेदी. या नाताळात कुणा दिव्यांग कलाकाराचे कार्ड घ्याल, तेव्हा ते भिंतीवर लावावेसे वाटते म्हणून घ्या आणि पूर्ण किंमत देऊन घ्या. न आवडणारे कार्ड दयेपोटी घेऊन खणात टाकले, तर त्या चित्रकाराला पुढचे चित्र चांगले काढण्याचे कारण उरत नाही. विकत घेताना त्याच्या हाती किती पडते, हेही विचारा.

आणि शेवटची गोष्ट फोटोची. देणगीदारांना काम दाखवावे लागते, हे आम्हाला रोज जाणवते. व्यंगाचा फोटो छापला की मदत लवकर येते, हेही खरे आहे. म्हणूनच तो छापताना थांबून विचार करायला हवा. त्या मुलीचा फोटो या अंकात द्यावा का, म्हणून मी पालावर विचारायला गेले. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, 'ताई, तिचा कशाला? तिच्या बैलाचा काढा की.' मग मी मुलीलाच विचारले. तिने बराच वेळ वही उलटसुलट केली आणि एक पान पुढे केले. त्यात बैल नव्हता. मोरी, तिच्यात साठलेले पाणी आणि पाण्यात पडलेले बाभळीचे झाड होते.

या लेखासोबत छापले आहे ते हेच चित्र. आवडले तर तसे पोस्टकार्डावर लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा, मी ते तिला वाचून दाखवीन. आणि तिला या वर्षी रंगांची मोठी पेटी व लांब दांड्याचे दोन कुंचले मिळावेत, यासाठी प्रार्थना करा.